फॉरबिडन सिटी नीट कशी पाहावी: बेजिंगच्या राजवाड्यातला एक दिवस

बेजिंगहून परतलेल्या मंडळींना फॉरबिडन सिटीबद्दल विचारलं की एक ठरलेलं उत्तर येतं: "मोठी आहे हो, पण सगळं सारखंच." तक्रार खोटी नाही. दक्षिणेच्या दारातून शिरायचं, मधल्या अक्षावरून नाकासमोर चालायचं, प्रत्येक महालाच्या दारात गर्दीत मान उंचावून सिंहासन बघायचं आणि दोन तासांत उत्तरेच्या दारातून बाहेर पडायचं, या पद्धतीने पाहिलं तर सगळं सारखंच दिसणार. लाल भिंत, पिवळं छप्पर, पुन्हा लाल भिंत. खरा राजवाडा आणि खरं संग्रहालय त्या रेषेच्या डाव्या-उजव्या बाजूंना आहे. तिथे वळायचं कधी आणि कुठून, हे सांगण्यासाठीच हा लेख.

पार्श्वभूमी थोडक्यात. मिंग घराण्यातल्या योंगल बादशहाने 1406 मध्ये काम सुरू केलं आणि 1420 मध्ये राजवाडा उभा राहिला. मिंग आणि छिंग या दोन घराण्यांचे 24 बादशहा इथून राज्य करून गेले. शेवटचा पूयी. 1912 मध्ये गादी सोडल्यावरही त्याला मागच्या अर्ध्या भागात राहू दिलं होतं. 1924 मध्ये त्याला बाहेर काढलं आणि 10 ऑक्टोबर 1925 रोजी राजवाड्याचं संग्रहालय झालं. आवार 72 हेक्टरचं, भोवती 10 मीटर उंच तट आणि 52 मीटर रुंद खंदक. चिनी लोक या जागेला 'गुगोंग' म्हणतात. हॉटेलच्या काउंटरवर तेच नाव सांगा.

तिकीट: पहिली लढाई इथेच

दारावर तिकीट मिळत नाही. तिकीटखिडकी नाहीच. दिवसाला ठरावीक लोकांनाच आत सोडतात आणि सगळी विक्री ऑनलाइन, पासपोर्टच्या नावानंबरावर होते. भेटीच्या सात दिवस आधी, बेजिंगच्या घड्याळाप्रमाणे रात्री 8 वाजता त्या तारखेची तिकिटं खुली होतात. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. शनिवार-रविवारची आणि सुट्टीतली तिकिटं बघता बघता संपतात, त्यामुळे पावणेसहाला बघू म्हणालात तर बसलात.

एप्रिल ते ऑक्टोबर तिकीट 60 युआन, नोव्हेंबर ते मार्च 40 युआन. एक युआन साधारण बारा-तेरा रुपये धरा. याशिवाय दोन दालनांची वेगळी तिकिटं आहेत, प्रत्येकी 10 युआन: खजिन्याचं दालन आणि घड्याळांचं दालन. खजिन्याचं तिकीट मूळ तिकिटाबरोबरच काढून टाका. इतक्या कमी पैशांत इतकं दाखवणारी जागा अख्ख्या बेजिंगमध्ये दुसरी नाही, असं माझं मत.

बुकिंग संग्रहालयाच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा वीचॅट या चिनी अॅपमधल्या त्यांच्या पानावरून होतं. पासपोर्ट नंबर टाकताना शून्य आणि इंग्रजी ओ यांची गल्लत होऊ देऊ नका. दारावर कागद दाखवायचा नसतो, पासपोर्टच स्कॅन होतो आणि नंबर जुळला नाही तर फाटक उघडत नाही. तिकीट सकाळचं की दुपारचं हेही आधी ठरवावं लागतं. डोळे मिटून सकाळचं घ्या.

सोमवारी राजवाडा बंद असतो. सरकारी सुट्टी सोमवारी आली तरच अपवाद. इतर दिवशी साडेआठला उघडतो. उन्हाळी मोसमात शेवटचा प्रवेश 4 वाजता आणि 5 ला बंद. हिवाळ्यात दोन्ही अर्धा तास आधी.

कधी जावं? एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. मात्र 1 ते 7 ऑक्टोबर आणि मे महिन्याचे पहिले पाच दिवस वगळा. तेव्हा सगळा चीन सुट्टीवर निघालेला असतो. जुलै-ऑगस्टमध्ये उकाडा, पाऊस आणि शाळांच्या सुट्ट्या एकत्र येतात. जानेवारीत पारा शून्याच्या बराच खाली जातो, पण गर्दी कमी आणि आकाश निळं. थंडी सोसत असेल तर हिवाळा वाईट नाही.

निघण्याआधीची तयारी

भारतीय पासपोर्टला चीनचा व्हिसा लागतोच. ट्रान्झिटमधल्या प्रवाशांना 240 तास व्हिसाशिवाय राहू देण्याची जी सवलत गाजते आहे, तिच्या यादीत भारत नाही. यूट्यूबवरचे युरोपियन लोकांचे व्हिडिओ बघून बेत आखू नका.

फोनवर अलीपे हे पैसे देण्याचं चिनी अॅप किंवा वीचॅट घरूनच चालू करून त्याला व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडून घ्या. पाण्याच्या बाटलीपासून मेट्रोपर्यंत सगळं क्यूआर कोडवर चालतं. थोडी रोकड जवळ असावी, पण सुट्टे परत देताना दुकानदार कपाळाला आठ्या घालतो. तिथल्या वायफायवर गूगल आणि व्हॉट्सअॅप चालत नाहीत. भारतातलं रोमिंग किंवा परदेशी ई-सिम घेतलं तर चालतात. नकाशासाठी मात्र आमॅप हे चिनी अॅप किंवा अॅपलचा नकाशा वापरा, गूगलचा तिथे भरवशाचा नाही.

बूट मऊ तळव्यांचे हवेत. सगळं अंगण दगड-विटांचं आहे आणि दिवसभरात आठ-दहा किलोमीटर सहज होतात. पुढच्या भव्य चौकांत एकही झाड नाही, म्हणून टोपी आणि पाणी लागतंच. लायटर-काडेपेटी हॉटेलवरच ठेवा, तपासणीत काढून घेतात. लाकडी राजवाडा आहे आणि आगीत अनेकदा जळलेला आहे, त्यामुळे या बाबतीत गय नाही.

शाकाहारी मंडळींनी दशम्या, चिवडा, चिक्की असं काहीतरी पाठपिशवीत टाकावंच. आत खायला मिळतं, पण कशात काय घातलंय ते विचारत बसण्यात वेळ जातो. 'वो छ्र सू', म्हणजे मी शाकाहारी आहे, एवढं वाक्य पाठ असू द्या. तेवढ्यानेही मटणाचा रस्सा घातलेल्या भाजीपासून सुटका होईलच असं नाही.

आत शिरायचं कुठून

प्रवेश फक्त दक्षिणेकडच्या वूमेन दरवाजातून आहे. उत्तरेचा शनवूमेन आणि पूर्वेचा दोंगह्वामेन हे बाहेर पडण्याचे दरवाजे. हे पक्कं लक्षात ठेवा, कारण टॅक्सीवाला नुसतं 'गुगोंग' ऐकून उत्तरेच्या दारापाशी सोडू शकतो. तिथून दक्षिणेला येण्यासाठी खंदकाला अर्धा वळसा घालावा लागतो आणि सकाळची मोलाची वेळ जाते. 'गुगोंग वूमेन' असं स्पष्ट सांगा.

मेट्रोने दोन वाटा आहेत. पहिली, लाइन 1 वरचं तियानआनमेन पूर्व हे स्थानक. माओंच्या तसबिरीखालून जायचं असेल तर हीच वाट, पण इथे सुरक्षा तपासणीची रांग लांब असते आणि पासपोर्ट काढावा लागतो. दुसरी, लाइन 8 वरचं जिनयू हुतोंग हे स्थानक. तिथून पश्चिमेला चालत दोंगह्वामेन गाठायचं आणि खंदकाच्या आतल्या कडेने वूमेनपर्यंत जायचं. चाल थोडी जास्त, पण गर्दी कमी आणि डोक्यावर तटाची भिंत. मला ही दुसरी वाट जास्त आवडते. तियानआनमेन चौकासाठी वेगळं आगाऊ बुकिंग लागतं. ते दुसऱ्या दिवशी ठेवा.

वाटेत कुणी गोड इंग्रजीत गप्पा सुरू करून चित्रप्रदर्शन बघायला किंवा चहा प्यायला बोलावलं तर हसून पुढे निघा. चहाचं बिल हजारांत येतं. हा खेळ या परिसरात फार जुना आहे.

आठ वाजता वूमेनसमोर उभं राहायचं. रांगेत असताना दरवाजा नीट बघा. मधली कमान बादशहाची. बादशाहीण तिथून आयुष्यात एकदाच, लग्नाच्या दिवशी आत यायची. राजदरबारी परीक्षेत पहिले तीन आलेले विद्वान निकालाच्या दिवशी एकदा त्या कमानीतून बाहेर पडायचे. बाकी सगळे बाजूच्या दारांतून.

पहिला तास: पुढचा चौक

फाटक उघडलं की ऑडिओ गाइड, नकाशे, फोटो यात अडकू नका. पाच संगमरवरी पूल ओलांडा, ताइहे दरवाजातून जा आणि ताइहे महालासमोरच्या विशाल चौकात पोचा. पहिली पंधरा-वीस मिनिटं हा चौक जवळजवळ रिकामा मिळतो. त्यानंतर झेंडे धरलेल्या गाइडांच्या तुकड्या येतात आणि महालाच्या दारात लालबागच्या दर्शनासारखी चेंगराचेंगरी सुरू होते.

ताइहे महालाच्या आत जाता येत नाही, कुणालाच. दारातून सिंहासन बघून मागे या आणि छताकडे बघा. छपराच्या तिरक्या धारेवर छोट्या प्राण्यांची रांग असते. इमारत जितकी मानाची तितके प्राणी जास्त. ताइहेवर दहा आहेत आणि दहाचा मान फक्त याच इमारतीला. मागच्या बाओहे महालावर नऊ. मुलं बरोबर असतील तर दिवसभर हा मोजण्याचा खेळ चालतो आणि कुरकुर कमी होते.

चौथऱ्याच्या कडेला संगमरवरी ड्रॅगनची 1,142 मुखं आहेत. तीन मजली चौथऱ्यावरचं पावसाचं पाणी त्यांच्या तोंडातून बाहेर पडतं. जोराच्या पावसात सापडलात तर नशीबवान समजा स्वतःला आणि छत्री घेऊन तिथेच उभे राहा.

महालांच्या आजूबाजूला मोठे धातूचे रांजण दिसतील. आग विझवण्यासाठी त्यांत पाणी भरलेलं असायचं आणि कडाक्याच्या थंडीत ते गोठू नये म्हणून खाली निखारे पेटवत. सोन्याचा मुलामा असलेल्या रांजणांजवळ जाऊन पृष्ठभाग बघा: उभेआडवे ओरखडे आहेत. 1900 मध्ये आठ देशांच्या फौजा शहरात शिरल्या, तेव्हा शिपायांनी संगिनींनी सोनं खरवडलं असं सांगतात. त्या वर्षी 28 ऑगस्टला या फौजांनी राजवाड्यातून दक्षिण-उत्तर विजयी संचलन केलं आणि ब्रिटिशांच्या तुकड्यांत हिंदुस्थानातले शिपाई होते. म्हणजे आपल्याकडच्या लोकांनी हा राजवाडा आतून पहिल्यांदा पाहिला तो बहुधा असा, दुसऱ्याच्या युद्धात. रांजणापाशी आपल्याला हे आठवलेलं बरं.

बाओहे महालाच्या मागच्या उतारावर एकसंध दगडात कोरलेले ड्रॅगन आणि ढग आहेत: 16.57 मीटर लांब, 3.07 मीटर रुंद, वजन 200 टनांहून जास्त. हा दगड शहराबाहेरच्या फांगशानमधल्या खाणीतून हिवाळ्यात आणला. वाटेवर विहिरी खणून रस्त्यावर पाणी ओतायचं, त्याचा बर्फ होऊ द्यायचा आणि त्यावरून दगड ओढायचा. अशाच एका 123 टनी दगडाला सुमारे 70 किलोमीटर यायला 28 दिवस लागल्याची 1557 सालची नोंद आहे. गर्दी पुढच्या बाजूला अडकलेली असते, त्यामुळे हा उतार निवांत बघता येतो.

आता उजवीकडे वळा

इथून सगळे सरळ छ्येनछिंग दरवाजाकडे जातात. तुम्ही जाऊ नका. त्या दरवाजासमोरच्या लांबट पटांगणातून उजवीकडे, पूर्वेला निघा. पाच-सात मिनिटांत खजिन्याच्या दालनाचं फाटक येतं.

हा सगळा भाग छ्येनलोंग बादशहाने निवृत्तीनंतर राहायला म्हणून बांधून घेतला आणि प्रत्यक्षात तिथे राहिला मात्र नाही. आत शिरताच नऊ ड्रॅगनची भिंत आहे: रंगीत चकाकत्या फरश्यांची, 1772 सालची, 29 मीटरहून लांब. डावीकडून तिसऱ्या, पांढऱ्या ड्रॅगनपाशी थांबा. त्याच्या पोटाखालचा एक तुकडा बाकीच्यांसारखा चमकत नाही, कारण तो लाकडाचा आहे. गोष्ट अशी सांगतात, की ऐन वेळी एक फरशी फुटली आणि कारागिराने जीव वाचवायला रातोरात लाकूड कोरून, रंगवून बसवलं. आता रंग उडालाय, त्यामुळे लबाडी उघडी पडली आहे.

पुढच्या महालांत सोनं, रत्नं, जेड. पूर्ण दीड ते दोन तास इथे द्या. दोन गोष्टी चुकवू नका. एक, जेडचा अखंड पहाड: सव्वादोन मीटर उंच, सुमारे पाच टनांचा, त्यावर महापुराला वाट काढून देणारा दा यू आणि त्याची कामकरी माणसं कोरलेली. जवळ जाऊन एखादाच माणूस निवडून बघा: हातात हातोडा, वर दोरखंड, पायाखाली निसरडा कडा. दुसरी, सोन्याचा स्तूप. आईचे गळलेले केस जपून ठेवायला छ्येनलोंगने तो करवून घेतला. याच बादशहाला हिंदुस्थानी, मुघल पद्धतीच्या जेडच्या भांड्यांचं वेड होतं. कागदासारखी पातळ, फुलापानांची कोरीव. त्याने त्यांवर कविताही केल्या. मांडणी बदलत असते, पण असा एखादा वाडगा दिसला तर ओळखीचं नक्षीकाम लगेच कळेल.

बादशाही नाटकांचा तीन मजली रंगमंचही याच भागात आहे. उत्तरेला बाहेर पडताना एक लहानशी विहीर लागते. 1900 च्या पळापळीत जन नावाच्या उपराणीला तिच्यात ढकललं गेलं. तोंड इतकं अरुंद की आधी पटत नाही.

तिथून दक्षिणेला परत फिरून यानशी महालात डोकावा. 1909 मध्ये इथे लोखंड आणि संगमरवराचा, भोवती पाणी खेळवलेला जलमहाल सुरू केला होता. पैसे आणि राज्य दोन्ही संपलं आणि सांगाडा तसाच राहिला. लाकडी राजवाड्यात गंजलेलं लोखंडी काम फार विचित्र दिसतं. पाच मिनिटं पुरतात.

जेवण आणि पश्चिम बाजू

पुन्हा छ्येनछिंग दरवाजासमोरच्या पटांगणात या आणि ते सरळ ओलांडून पश्चिमेला जा. तिथे जुन्या बर्फाच्या कोठारांत उपाहारगृह आहे. हिवाळ्यात खंदकातला बर्फ कापून इथे उन्हाळ्यासाठी साठवायचे. बारा ते एक टाळून गेलात तर बसायला जागा मिळते.

त्यापलीकडे त्सनिंग महाल, राजमातांचं निवासस्थान. आता तिथे शिल्पांचं दालन आहे आणि बुद्धमूर्ती बघण्यासारख्या आहेत. पर्यटकांचे जथे इथवर येत नाहीत. झाडं, सावली, बसायला बाकं. ज्येष्ठ मंडळींना इथे तासभर विसावू द्या. चिनी मातीच्या भांड्यांची हौस असेल तर दक्षिणेला वूयिंग महालातलं दालन आहे, पण त्यासाठी बरंच मागे चालावं लागतं. मूळ बेतातच धरलं तर ते पहिल्या तासानंतर उरका.

मग यांगशिन महाल. योंगजंगपासूनचे बादशहा इथे राहायचे. राज्यकारभार खरा इथून चालायचा. पूर्वेच्या खोलीत बालबादशहा पुढे बसायचा आणि पडद्यामागे त्सशी राजमाता. 1912 चा पदत्यागही इथलाच. हा महाल दुरुस्तीसाठी बराच काळ बंद होता, म्हणून जाण्याआधी संग्रहालयाच्या पानावर उघडा आहे का बघून घ्या.

उत्तरेला पश्चिमेचे सहा महाल, म्हणजे जनानखाना. इथे फलक वाचू नका, दारांचे उंबरठे बघा. काही ठिकाणी ते कापलेले आहेत. पूयीला सायकलचं वेड लागलं तेव्हा त्याने आड येणारे उंबरठे कापून टाकायला लावले. न कापलेल्या उंबरठ्यांना मात्र गुडघाभर पाय उचलावा लागतो, तेव्हा बाबागाडी किंवा व्हीलचेअर असेल तर रॅम्प असलेली दारंच धरा.

या गल्ल्यांतून बाजूच्या दाराने मधल्या अक्षावर छ्येनछिंग महालाच्या अंगणात शिरता येतं. दुपारी तीननंतर इथली गर्दी ओसरते. सिंहासनावरच्या पाटीमागे योंगजंगने वारसाचं नाव लिहिलेली पेटी ठेवायची पद्धत पाडली; मुलांच्या भांडणांवरचा त्याचा उपाय. मागच्या ज्याओताय महालात 25 राजमुद्रा. त्यामागचा खुन्निंग महाल, जिथे पूयीचं 1922 मध्ये लग्न झालं. इथल्या दारांवरच्या पाट्यांवर चिनीबरोबर मांचू, म्हणजे छिंग राज्यकर्त्यांची लिपीही आहे. पुढच्या महालांवरच्या पाट्यांतून ती राजसत्ता गेल्यावर काढून टाकली.

"इतके महाल आणि सामान एवढं कमी कसं?" हा प्रश्न इथवर पडलेला असतो. जपानी आक्रमणाच्या भीतीने 1933 मध्ये हजारो पेट्या भरून संग्रह दक्षिणेला हलवला आणि यादवी युद्धाच्या शेवटी त्यातल्या 2,972 पेट्या तैवानला गेल्या. त्या तैपेईच्या संग्रहालयात आहेत. तरी बेजिंगकडे 18 लाखांहून अधिक वस्तू उरल्या. दालनांत मांडलेल्या असतात त्यातल्या थोड्याच.

बाहेर पडल्यावर

राजोद्यानातून शनवूमेनने बाहेर या. आत परत जाता येत नाही, म्हणून स्वच्छतागृह आणि खरेदी आधीच. संग्रहालयाची दुकानं चांगली आहेत. वह्या आणि चुंबकं बाहेरच्या टपऱ्यांपेक्षा महाग, पण टिकाऊ.

रस्त्यापलीकडे जिंगशान टेकडी आहे, खंदक खणताना निघालेल्या मातीची. तिकीट 2 युआन. याच टेकडीवर 1644 मध्ये शेवटच्या मिंग बादशहाने गळफास घेतला. पायात त्राण असेल तर वर चढाच, वीस मिनिटं पुरतात. माथ्यावरच्या मंडपातून सगळा राजवाडा दक्षिणेकडे पसरलेला दिसतो आणि सकाळपासून कुठून कुठे गेलो याचा हिशेब लागतो. गुडघे बोलत असतील तर टेकडी सोडा आणि तटाच्या ईशान्य किंवा वायव्य कोपऱ्यावर जा. तिथले कोपऱ्यातले बुरूज खंदकाच्या काठावरून सपाट जमिनीवर बसून बघता येतात.

परतीची टॅक्सी शनवूमेनसमोर थांबत नाही, आणि थांबली तर दुप्पट भाडं सांगते. दहा मिनिटं पूर्वेला मुख्य रस्त्यापर्यंत चालत जाऊन मगच अॅपवरून गाडी बोलवा.